गेम आपला, हिशोब त्यांचा: पब्लिशर पैसे अडवून बसला तर काय करावं?

कातळसडा

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज मदत हवी म्हणून धागा काढतोय.

कुडाळजवळ आम्ही तिघं मिळून गेम बनवतो. कोड माझा, चित्रं मावसबहिणीची, पेटी-पखवाज-झांज गावातल्या मित्राची. गेम दशावतारावर आहे. जत्रेच्या रात्री मंडळ गावात पोचतं, देवळासमोर पेटारे उतरतात आणि उजाडायच्या आत सगळा खेळ तुम्ही पार पाडायचा. स्त्रीपार्ट करणाऱ्याला ताप आलाय तर साडी कोणी नेसायची, लिहिलेली संहिता नसताना संवाद जागच्या जागी कसे जुळवायचे, हे सगळं खेळणाऱ्याच्या हातात.

पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणून विकणारा, युरोपातला. नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका. ॲडव्हान्स चार मायलस्टोनवर, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्यांवर, मिळायचा होता. गेम बाजारात येऊन जुना झाला तरी चौथा हप्ता आलेला नाही. विक्रीचा हिशोब दर तिमाहीला द्यायचा असं करारात आहे. पहिला आला, त्यात आमचा वाटा शून्य. त्यानंतर सगळं शांत. मध्येच गेम एका स्वस्त बंडलमध्ये, म्हणजे बऱ्याच गेमच्या एकगठ्ठा विक्रीत, घातला, तेही आम्हाला एका खेळाडूकडून कळलं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातलं पान त्यांच्या खात्यात, त्यामुळे किती प्रती खपल्या ते आम्हाला दिसत नाही. वर गेमच्या पुढच्या भागावरही पहिला हक्क त्यांचा.

पैशांवर पाणी सोडावं, गेम परत मागावा, की दोन्हीसाठी भांडावं? कोणी यातून गेलं असेल तर लिहा.

चाकरमानी गिरगावचा

धागा वाचनखुणांत टाकला. मुद्द्याचं नंतर बोलू, आधी सांगा, दशावतारातला संकासुर राक्षस आहे का?

कातळसडा

नसून कसं चालेल! तो खेळणाऱ्याशी मालवणीत हुज्जत घालतो. पब्लिशरचा इंग्रजी करणारा माणूस रडकुंडीला आला होता.

हापूसवाला देवगड

गेममधलं मला ओ की ठो कळत नाही, पण हिशोब ओळखीचा वाटला. वाशीला आंबा पाठवला की दलालाची पट्टी येते. वर पेट्या किती, भाव काय. खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं आणि शेवटी मोहोराच्या वेळी फवारणीला घेतलेली उचल वळती. आता ती पेटी खरंच त्याच भावाने गेली का, हे देवगडात बसून कोणाला कळणार? आमचे वडील काय करायचे, ओळखीतल्या एकाला न सांगता मार्केटमध्ये उभं करायचे. आमच्या खुणेच्या पेट्या काय दराने उचलल्या ते तो चिठ्ठीवर लिहून आणायचा. एका वर्षी पट्टी आणि चिठ्ठी समोरासमोर ठेवली आणि दलाल बदलला.

तुम्हाला तो मार्गच नाही. बागच त्यांच्या नावावर दिसते.

कातळसडा

बाग आमच्याच नावावर आहे काका, कॉपीराइट आम्ही दिलेला नाही. फाटकाची किल्ली त्यांच्याकडे आहे.

हापूसवाला देवगड

मग बाग असून काय उपयोग?

निळा पडदा

पुण्यात एका स्टुडिओत आहे, पब्लिशरशी होणारी बोलणी जवळून ऐकतो. थोडी त्यांचीही बाजू लिहितो, शिव्या नंतर घाला.

पहिल्या हिशोबात शून्य आलं म्हणजे फसवणूक झाली असं नाही. विक्रीच्या रकमेतून आधी परतावे जातात. स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. मग त्या त्या देशाचा विक्रीकर. मग स्टीमचे ३० टक्के. एक कोटी डॉलरच्या वरच्या कमाईवर ते २५ होतात, पाच कोटींच्या वर २०, पण आपल्यासारख्यांनी ते पाठ करायची गरज नाही. एपिक या गेम कंपनीने २०१८ मध्ये १२ टक्क्यांवर दुकान उघडलं, पण गर्दी अजून स्टीमवरच आहे. एवढं वजा जाऊन जे उरतं त्यातून ॲडव्हान्स रिकूप होतो, म्हणजे काकांच्या भाषेत उचल वळती. शिवाय टेस्टिंग, भाषांतरं, कन्सोलवर चालणारी आवृत्ती आणि तिची मंजुरी, हे तिघांनी कुडाळात बसून करून दाखवावं.

मेख आहे ती उचल कोणाच्या वाट्यातून फिटते यात. समजा ॲडव्हान्स २० लाख आणि वाटणी निम्मी-निम्मी. सगळ्या उरलेल्या रकमेतून आधी उचल फेडायची असेल तर २० लाख जमले की तुम्ही मोकळे, पुढच्या प्रत्येक रुपयात आठ आणे तुमचे. पण फक्त तुमच्या वाट्यातून फेडायची असेल तर ४० लाख जमेपर्यंत तुम्हाला दमडी नाही. तोवर पब्लिशरने स्वतःच्या वाट्याचे २० आणि उचलीचे २०, दोन्ही घरी नेलेले असतात. दोन्ही करार वाचायला जवळपास सारखेच, एका वाक्याचा फरक.

त्यात मार्केटिंगचा खर्चही उचलीत मिळवला जातो का, आणि त्याला कमाल मर्यादा आहे का, ते बघा. नसेल तर परदेशातल्या प्रदर्शनाचं स्टॉलभाडंही तुमच्याच माथी.

कातळसडा

आत्ता उघडून बघितलं. फक्त आमच्या वाट्यातून. मार्केटिंगला मर्यादा नाही.

धोपेश्वर

सही करताना काय दशावतार बघत होतात?

कातळसडा

वाचूनच केली. दुसरा पब्लिशर दारात उभा नव्हता आणि बहिणीने नोकरी सोडलेली होती. तुमच्याकडे चांगला पर्याय असता तर तेव्हा कळवायचा होतात.

गजालीकार

माझो झील रातभर गेम खेळता. मी त्येका सांगी, बाबा अभ्यास कर. आता ह्या वाचून सांगतंय, खेळ मेल्या हवो तितको, पण बनवू नको.

आणि काय ओ, सरकारान गेम बंद केलेले ना?

सुरंगी

काका, ते पैसे लावून खेळायचे गेम. ऑगस्ट २०२५ चा कायदा त्यांच्यावर आहे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि शैक्षणिक गेमना उत्तेजन द्यायचंही लिहिलंय. संकासुर सुरक्षित आहे.

कोर्टाची पायरी

रत्नागिरीत वकिली करते. कागद न बघता लिहितेय, तेव्हा सल्ला नव्हे, माहिती समजा.

आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरतात. चित्रं आणि संगीत या वेगळ्या कृती. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी, कलम १९. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हेच नियम थोड्याफार फरकाने परवान्यालाही लागतात, कलम ३०अ. पण हे सगळं कराराला भारतीय कायदा लागू असेल तर. करारात शेवटच्या पानांवर लागू कायदा कुठला आणि वाद कुठे सोडवायचा अशी दोन कलमं असतील, ती सांगा.

दुसरं, पखवाजवाल्या मित्राशी लेखी काही आहे का? तो तुमचा पगारी नोकर नाही, तेव्हा त्याच्या वादनावरचे हक्क आपोआप तुमचे होत नाहीत. कलावंताच्या हक्कांची कलमं वेगळी आहेत, ३८ पासून पुढे. 'गेममधलं सगळं आमचंच आहे' अशी हमी तुम्ही पब्लिशरला दिली असणार. तुमची नोटीस गेली की त्यांचा वकील पहिलं बोट तिथेच घालेल.

कातळसडा

मित्राशी स्टॅम्पपेपरवर केलंय ताई, आमच्या वाट्यातला ठरलेला हिस्सा त्याला. सध्या शून्याचा हिस्सा. वाटेत भेटला की विचारतो, "खात्यात वाजलं का काय?"

लागू कायदा त्यांच्या देशाचा आणि वाद त्यांच्याच राजधानीत, लवादापुढे.

कोर्टाची पायरी

वाटलंच. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे असा निवाडा बहुतेक देशांत वसूल करता येतो, अडचण कायद्याची नाही. अडचण ही की लवादाची फी आणि तिथला वकील यांतच तुमचं येणं संपेल. म्हणून आधी करारभंगाची नोटीस. चूक सुधारायला किती दिवस द्यायचे ते करारातच असतं, ३० दिवस बऱ्याचदा दिसतात. तेवढ्यात सुधारली नाही तर करार संपवायचा हक्क मिळतो का, ते बघा. तुमच्या सगळ्या कागदात मोलाचं वाक्य ते.

परुळ्याचा पाट

विषयाला सोडून आहे, पण विचारतो. माझे आजोबा दशावतारी. गेममध्ये ज्या चाली आहेत त्या मंडळांनी पिढ्यान् पिढ्या वाजवलेल्या. तुम्ही पब्लिशरकडे हिशोब मागताय, मंडळांना कोण देणार?

कातळसडा

प्रश्न रास्त आहे. वादन मित्राचं स्वतःचं, कोणाचं रेकॉर्डिंग उचललेलं नाही. ज्या मंडळांनी रंगपटात बसू दिलं त्यांची नावं गेमच्या शेवटी आहेत. पैसे दिलेले नाहीत.

कोर्टाची पायरी

कायद्याने पारंपरिक चालीवर कोणाचा कॉपीराइट नाही. विशिष्ट कलावंताचं वादन टिपलं तर त्याचा हक्क येतो.

परुळ्याचा पाट

कायद्याचं विचारलं नव्हतं ताई. असो. गेम खेळलोय, रंगपटातला कंदील बरोबर काढलाय.

सीए कणकवली

पब्लिशर भारतातला असता तर काम सोपं होतं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात (२००६ चा कायदा). उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ, आणि सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. धागा वाचणाऱ्या नव्या मुलांनी नोंदणी कराराच्या आधीच करून टाकावी, मागाहून केलेली जुन्या येण्याला चालते का यावर भांडणं होतात. मायलस्टोनचं बिल या कायद्यात सरळ बसतं. विक्रीतल्या वाट्याबद्दल मात्र समोरचा फाटे फोडणार.

कातळसडा, तुमच्या हिशोबात परदेशी करकपातीची ओळ आहे का? तुम्ही स्वतः स्टीमवर विकत असता तर अमेरिकेतल्या विक्रीतल्या तुमच्या रॉयल्टीवर भारत-अमेरिका करकराराने १५ टक्के कापले गेले असते, करारातल्या दराचा दावा केला नसता तर ३०. तुमच्या बाबतीत ती कपात पब्लिशरच्या नावे होते, आणि युरोपातल्या कित्येक देशांसाठी तो दर शून्य आहे. त्यांना शून्य लागतो आणि तुमच्याकडून ३० धरलाय असं नाही ना, एवढं तपासा.

धोपेश्वर

कायदेबियदे राहू द्या. गेमची नवी बिल्ड, म्हणजे आवृत्ती, तुम्हीच चढवता ना? पुढच्या अपडेटमध्ये गेम मध्येच थांबवायचा, संकासुर पुढे येणार आणि म्हणणार, "पब्लिशरान पैशे देवक नाय, खेळ बंद!" दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात.

कातळसडा

खोटं कशाला बोलू, संवाद लिहून तयार होता. याच्यापेक्षा बरा होता.

कोर्टाची पायरी

अजिबात नको. त्या क्षणी करार तुम्ही मोडलात असं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६ लावायचा प्रयत्न होईल तो वेगळाच. आणि ज्याने पैसे भरून गेम घेतला त्याने काय केलंय? समाजमाध्यमांवर नाव घेऊन बोंब मारण्याआधीही गोपनीयतेचं कलम वाचा. आकडे बाहेर टाकलेत की तुमचीच बाजू पडते.

निळा पडदा

बोंब मारून काय होतं त्याचं गाजलेलं उदाहरण आहे. फ्रॉगवेअर्स हा युक्रेनमधला स्टुडिओ, त्यांचा 'द सिंकिंग सिटी' २०१९ चा. काही दुकानांवर आणि कन्सोलवर विकायचे हक्क नाकॉन या फ्रेंच पब्लिशरकडे. २०२० मध्ये स्टुडिओने जाहीर केलं की हप्ते उशिरा येतात, हिशोब धड नाहीत, दहा लाख युरोच्या आसपास येणं आहे, म्हणून करार संपवला. गेम बऱ्याच ठिकाणांहून उतरला. नाकॉनने आरोप फेटाळले. पॅरिसच्या न्यायालयाने अंतिम निकाल लागेपर्यंत करार चालू ठेवायला सांगितलं. २०२१ च्या सुरुवातीला स्टीमवर गेम पुन्हा आला, ती प्रत आमचं कुलूप फोडून टाकलेली आहे असं स्टुडिओचं म्हणणं. सगळीकडचं प्रकाशन स्टुडिओच्या हातात यायला २०२४ चा जानेवारी उजाडला.

लक्षात घ्या, गेमची मालकी पहिल्यापासून स्टुडिओकडेच होती. तरी इतकी वर्षं.

चाकरमानी गिरगावचा

त्यापेक्षा टेट्रिसवाला पाजित्नोव्ह. गेम बनवला १९८४ मध्ये, हक्क सोव्हिएत सरकारी संस्थेकडे, सगळं जग खेळलं आणि त्याला रॉयल्टी सुरू झाली १९९६ मध्ये. कातळसडा, तुम्ही अजून तरुण आहात :)

सुरंगी

सगळे रडगाणंच गाताय. स्टारड्यू व्हॅली एरिक बरोनने एकट्याने बनवला, २०१६ मध्ये चकलफिश या पब्लिशरने प्रकाशित केला, २०१८ संपता संपता पीसीवरचं प्रकाशन त्याने स्वतःकडे घेतलं. ना कोर्ट, ना बोंबाबोंब. गेमचे हक्क आणि बाहेर पडायची वाट, दोन्ही असलं की असं होतं.

निळा पडदा

आणि गेम तुफान खपला असला की. ते विसरू नका.

चाकरमानी गिरगावचा

एक शंका. पब्लिशरच बुडाला तर?

निळा पडदा

होतं तसंही. अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्हच्या सगळ्या चमूने सप्टेंबर २०२४ मध्ये एकदम राजीनामे दिले. कंपनी राहिली, पण ज्यांच्याशी बोलणी झाली ती माणसंच गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये हंबल गेम्सने सगळ्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. खरोखर दिवाळं निघालं तर तुमचा परवाना त्यांची मालमत्ता म्हणून देणी फेडायच्या यादीत जाऊन बसू शकतो. म्हणून पान आपल्या खात्यात हवं, पब्लिशरला पाहिजे तेवढे अधिकार द्यावेत. स्टीमवर पान उघडायला १०० डॉलर लागतात. इतक्या पैशांचा वाद वाचत असेल तर...

कातळसडा

मंडळी, अपडेट. नोटीस पाठवली, ईमेलने आणि करारातल्या पत्त्यावर कुरियरने, दोन्ही. पायरीताईंनी मसुदा बघून दिला, त्यांचे जाहीर आभार. मुदत संपायच्या आत त्यांच्या अकाउंट्सकडून सगळ्या तिमाह्यांचे हिशोब एकगठ्ठा आले.

बंडलची एकच रकमी ओळ, प्रती किती ते नाही. मार्केटिंगमध्ये 'प्रवास' आणि 'इन्फ्लुएन्सर' असे दोन मोठे आकडे, पावत्या नाहीत. करकपात ठीक दिसतेय, सीएसाहेब. चौथ्या हप्त्याबद्दल लिहिलंय की तो खर्चापोटी 'समायोजित' केला.

हापूसवाला देवगड

आली पट्टी.

सीए कणकवली

थांबा. वळती करायच्या उचलीचा एकूण आकडा काय दाखवलाय? तीन हप्त्यांचा की चार?

कातळसडा

...चारही.

सीए कणकवली

म्हणजे जो हप्ता दिलाच नाही, तोही तुमच्या वाट्यातून वसूल करताहेत. चौथा खर्चात समायोजित केला असेल तर खर्च तेवढ्याने खाली यायला हवा. मार्केटिंगचा आकडा कमी झालाय का?

कातळसडा

नाही. पहिल्या हिशोबात जो होता तो पूर्णच्या पूर्ण पुढे आलाय.

निळा पडदा

पब्लिशरची बाजू घेणारा मी, पण हे माझ्याच्याने होणार नाही.

कोर्टाची पायरी

आता भाषण नको, चार ओळींचं पत्र. त्यांच्याच हिशोबातले दोन आकडे समोरासमोर ठेवायचे आणि खुलासा मागायचा. तुमचा आरोप वेगळा, त्यांच्या सहीचा कागद वेगळा. हिशोब तपासायचा हक्क करारात आहे का?

कातळसडा

वर्षातून एकदा, आमच्या खर्चाने. पाच टक्क्यांहून जास्त तफावत निघाली तर खर्च त्यांचा.

कोर्टाची पायरी

छान. तेही पत्रात घाला. ऑडिट करू असं नुसतं कळवलं तरी पुष्कळदा पावत्या सापडतात.

सुरंगी

मला वाटतं पैसे सोडा आणि पान मागा. स्टीमवर गेम एका खात्यातून दुसऱ्यात देता येतो, परीक्षणं आणि विशलिस्ट तशाच राहतात. फक्त ज्याच्या खात्यात आहे त्याने पाठवावा लागतो. हप्त्यावर पाणी सोडून ते मिळत असेल तर फायद्याचंच.

हापूसवाला देवगड

एक रुपया सोडू नये. आज सोडलात की पुढच्या पोरालाही हेच करणार.

कातळसडा

आमच्यातही हेच चाललंय. बहिणीला पान हवंय, मित्राला पैसे. मी पत्रात दोन्ही मागितलंय, पान आधी. पुढच्या भागावरचा पहिला हक्क काढून टाका असंही लिहिलंय. उद्या पाठवतो.

गजालीकार

ता सगळा ऱ्हवांदे. ह्यो गेम मोबायलार कधी येतलो? झीलाच्या आधी माकाच खेळाचो आसा.

कातळसडा

काका, मोबाईलचं अजून काही केलेलं नाही. करारात फक्त पीसी आणि कन्सोल आहे, मोबाईलचे हक्क आमच्याकडेच राहिलेत.

कोर्टाची पायरी

हे आत्ता सांगताय? पब्लिशरला ते हवे होते का कधी?

कातळसडा

दोनदा विचारलं होतं त्यांनी. आम्ही नंतर बघू म्हटलं.

कोर्टाची पायरी

उद्याचं पत्र थांबवा. मोबाईलबद्दल त्यांनी विचारलेल्या दोन्ही ईमेल मला व्यक्तिगत निरोपाने पाठवा, मसुदा नव्याने लिहायचाय.